बहिणीच्याच पेशी भावाला खातायत का?

पत्र:

सिस्टर, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला (वय २८) गेल्या वर्षी एएमएल (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. रिपोर्टमध्ये ‘एफएलटी३-आयटीडी पॉझिटिव्ह’ होतं. केमो झाल्या आणि जूनच्या सुरुवातीला बीएमटी, म्हणजे मज्जेचं ट्रान्सप्लांट झालं. डोनर मीच. फुल मॅच निघाले तेव्हा आईने देवापुढे पेढे ठेवले होते. आज ट्रान्सप्लांटनंतरचा डे ७०. दीड महिना बरा गेला, मग तळहात-तळपाय लाल झाले, अंगभर पुरळ आलं, जुलाब सुरू झाले. जीव्हीएचडी म्हणाले, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटतात तो आजार. ॲडमिट करून स्टेरॉइड दिलं, आठवडाभरात फरक पडला नाही म्हणून रुक्सोलिटिनिब नावाची गोळी सुरू केली. डॉक्टर म्हणाले, ‘पेशींचा सिग्नल दाबायचाय.’ आता सुट्टी मिळाली आहे, आई आणि तो खारघरला भाड्याच्या खोलीत आहेत. जुलाब अजून चार-पाच वेळा होतातच. पुढे सोराफेनिब नावाची गोळीही द्यायची आहे म्हणे.

घरात कोणीतरी बोललं, बहिणीच्याच पेशी पोराला खातायत. नेटवर वाचलं की मुलं झालेल्या बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर हे जास्त होतं. मला दोन मुलगे आहेत. तेव्हापासून झोप नाही. मामा म्हणतात, या गोळ्या प्रतिकारशक्ती मारतायत, गुळवेलीचा काढा दे. आईने दोन दिवस दिलाही. त्यात आता प्लेटलेट पडल्यात. सिग्नल दाबला तर कॅन्सर परत येणार नाही का? आणि राखीला त्याच्या हातावर राखी बांधली तर चालेल का?

– एक बहीण, कल्याण

उत्तर:

आधी काढा बंद. हे वाचता वाचताच आईला फोन लाव, बाकीचं मग वाच. आणि उद्याच्या ओपीडीत डॉक्टरांना स्वतःहून सांग की दोन दिवस काढा दिला होता. ओरडतील. ओरडू देत.

तुला ‘तू’ म्हणतेय, राग मानू नकोस. बावीस वर्षं ट्रान्सप्लांट वॉर्डात सिस्टर होते, डोनर बहिणींना ‘अहो’ म्हणायची सवयच लागली नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा डोस किती आणि कधी हे माझ्याकडून ऐकायचं नाही. पण या गोळ्या काय करतात आणि घरी त्यांचं काय होतं, हे मी जवळून पाहिलंय.

काढ्यावर एवढी का चिडले ते सांगते. अक्यूट जीव्हीएचडी तीन ठिकाणी बसतो: कातडी, आतडी आणि यकृत. भावाच्या कातडीवर आणि आतड्यात तो आलेला आहे. यकृतात पोचला का, हे डॉक्टर रक्तातल्या बिलिरुबिनवरून बघतात, यकृत बिघडलं की ते वाढतं. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने घरोघरी गुळवेल उकळत होती, तेव्हा सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. पण उद्या भावाचं बिलिरुबिन वाढलं, तर ते जीव्हीएचडीमुळे की काढ्यामुळे, हे कोण सांगणार? काढ्याचं माहीत नसलेला डॉक्टर जीव्हीएचडीच धरणार आणि औषध चढवणार. चुकीच्या कारणासाठी चढवलेलं स्टेरॉइड उतरवायला महिने लागतात.

शिवाय मामांना एकदा विचार, प्रतिकारशक्ती वाढवायची ती कुणाची? भावाची स्वतःची केमोत गेली. आता त्याच्या अंगात जी आहे ती तुझी, आणि तीच तर चवताळली आहे. तिला खुराक कसला देताय?

आता तुझ्या झोपेचं. नेटवर वाचलंस ते खरं आहे. थापा मारून तुला झोपवण्यात अर्थ नाही. पुरुषाच्या पेशींमध्ये वाय गुणसूत्रामुळे काही प्रथिनं असतात, ती बाईकडे नसतात. फुल मॅच म्हणजे एचएलएचा, पेशींवरच्या मुख्य ओळखखुणांचा मॅच. ही बारकी प्रथिनं त्यात धरत नाहीत. मुलगा पोटात असताना आईच्या पांढऱ्या पेशींची या प्रथिनांशी गाठ पडते आणि ती ओळख कधी कधी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून लेकुरवाळ्या बहिणीच्या पेशी भावाच्या अंगात जरा जास्त हुशार असतात. तुझ्या डॉक्टरांना हे तुझ्या आधी माहीत होतं. तरी त्यांनी तुला निवडलं, कारण एका भावंडाशी फुल मॅच जुळण्याची शक्यता चारात एक. ती जुळली नसती तर आई किंवा वडील, म्हणजे अर्धा मॅच, नाहीतर रजिस्ट्रीतला अनोळखी डोनर. त्या वाटांवर जीव्हीएचडी भेटत नाही असं कुणी सांगितलं?

आणि नेटवरच्या लेखाची दुसरी बाजू तू बहुतेक वाचली नाहीस. बहिणीच्या पेशी भावाला दिल्यावर जीव्हीएचडी जास्त दिसतो तसा कॅन्सर उलटण्याचा धोका कमी दिसतो. जुळ्या भावंडांचं उदाहरण घे. एकाच गर्भातून फुटलेल्या जुळ्याच्या पेशी दिल्या तर जीव्हीएचडी जवळजवळ होत नाही, पण ल्युकेमिया जास्त वेळा परत येतो. परक्या पेशी आतल्या उरल्यासुरल्या कॅन्सरला शोधून मारतात, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. भांडखोरपणा हवाच होता, तो थोडा जास्त झाला. तुझ्या पेशींना तुझी माया कळत नाही आणि तुझा दोषही कळत नाही.

पिशवी चढवली तो दिवस आठव. पाणी जास्त झालेल्या टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक छोटी पिशवी. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, लाइनमधून थेंब थेंब आत. तुझ्या आईने “एवढंच?” असं विचारलं होतं का? सगळ्या आया विचारतात. मी त्या पिशवीजवळ बसून दर पंधरा मिनिटांनी बीपी बघत असायचे आणि दरवेळी मलाही नवल वाटायचं की शिरेत सोडलेल्या या पेशी हाडातच कशा जातात. तर मज्जेतून एक रासायनिक हाक जात असते, आणि ती हाक धरणारा हूक मूलपेशीच्या, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशीच्या अंगावर असतो. त्याला सीएक्ससीआर४ म्हणतात. पेशी हाकेमागे जाते आणि तिथेच अडकते.

हे तुला सांगायचं कारण, सिग्नलवरचं औषध आधी तूच घेतलंयस. पेशी काढण्यापूर्वी चार-पाच दिवस जीसीएसएफची इंजेक्शनं घेतलीस ना, कंबर आणि छातीचं हाड ठणकलं असेल? ती इंजेक्शनं मज्जेतली ही पकड सैल करतात, मग मूलपेशी रक्तात येतात आणि मशीनला सापडतात. त्यानेही पुरेशा पेशी निघाल्या नाहीत तर प्लेरिक्साफोर नावाचं इंजेक्शन असतं, ते हा हूकच झाकतं. ते एचआयव्हीसाठी बनवत होते. ते दिलेल्या लोकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी का वाढतात याचा शोध घेता घेता ते आमच्या वॉर्डात येऊन पोचलं. असो.

‘सिग्नल’ म्हटल्यावर लोकलचा लाल-हिरवा दिवा डोळ्यांपुढे येतो, पण त्या चित्राने गोंधळ होतो. लाल म्हणजे सगळंच ठप्प, असं काही पेशीत होत नाही. मी लालबागच्या चाळीत वाढले, मला चाळच सुचते. पहाटे नळाला पाणी आलं की पहिली जी बाई बघायची ती ओरडायची, “पाणी आलं!” की गॅलरीभर दारं उघडायची आणि बादल्यांची झुंबड. भावाच्या अंगात तेच चाललंय. ट्रान्सप्लांटच्या आधीच्या केमोने आतड्याचं अस्तर भाजलं होतं. भाजलेल्या पेशी ओरडतात, तुझ्या टी-पेशी (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) धावतात, त्याही ओरडतात, आणखी धावतात. या ओरडण्याला सायटोकाइन म्हणतात. ओरडणं ऐकायला प्रत्येक पेशीच्या अंगावर कान असतात, आणि बऱ्याच कानांच्या आतल्या बाजूला जेएके नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ते ऐकलेला निरोप आत पेशीच्या केंद्रापर्यंत पोचवायला लावतं.

टॅक्रोलिमस, जे भावाला पहिल्यापासून चालू असणार, ते टी-पेशीचा घसा धरतं. ओरडायला लागणारं आयएल-२ नावाचं सायटोकाइन तिला नीट बनवता येत नाही. रुक्सोलिटिनिब कान धरतं, म्हणजे जेएके१ आणि जेएके२. ओरडा होतो, पण ऐकू कमी येतं. पेशी मरत नाही, बादली घेऊन धावायची थांबते.

स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या अक्यूट जीव्हीएचडीत याचा मोठा अभ्यास २०२० साली छापून आला. ३०९ रुग्ण होते. अठ्ठाविसाव्या दिवशी रुक्सोलिटिनिब घेणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना फरक पडला, तोवर वापरात असलेली इतर औषधं घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या अडतीस जणांना त्यानेही पुरेसा फरक पडला नाही, हेही मनाशी ठेव. आठ-दहा दिवसांत चमत्कार दिसला नाही म्हणून गोळी टाकून द्यायची नसते. कॅन्सर उलटण्याचं म्हणशील, तर त्या अभ्यासात या गोळीने तो जास्त उलटला असं दिसलं नाही. मी वॉर्डात लागले तेव्हा स्टेरॉइड हरलं की आम्ही सिस्टर लोक एकमेकींकडे बघायचो आणि काही बोलायचो नाही.

प्लेटलेट पडल्यात त्याचं उत्तर त्याच चाळीत आहे. कान एकच, पण त्यातून ऐकणारी बिऱ्हाडं अनेक. मज्जेला ‘प्लेटलेट बनव’ असं सांगणारा निरोप जेएके२ मधूनच जातो. ‘तांबड्या पेशी बनव’ हाही तिथूनच. जीव्हीएचडीचा आवाज कमी करताना हे आवाजही कमी होतात. काउंट पडले म्हणजे कॅन्सर परत आला असं लगेच समजू नकोस. गोळी, इन्फेक्शन, दुसरी औषधं, कारणं बरीच असतात, ते डॉक्टर शोधतील आणि डोस कमी करायचा का ते ठरवतील. आपण मात्र भीतीपोटी गोळी मध्येच बंद करायची नाही. अचानक सोडली तर दाबलेला ओरडा एकदम उसळतो. ती उतरवायची झाली तरी पायरीपायरीने.

सोराफेनिब ही वेगळी भानगड आहे. भावाच्या ल्युकेमियात एफएलटी३ नावाचा कान बिघडलेला आहे. कुणी ओरडलेलं नसतानाही त्याला “पाणी आलं, पाणी आलं” ऐकू येतं आणि ती पेशी वाढतच सुटते. सोराफेनिब तो कान बंद करतं. मुळात ही गोळी मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कॅन्सरसाठी आली. ट्रान्सप्लांटनंतर एफएलटी३ च्या रुग्णांना ती दिली तेव्हा काय झालं, हे जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ८३ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं: दोन वर्षांनी कॅन्सर न उलटता जिवंत असलेले गोळीवर ८५ टक्के, नुसत्या साखरेच्या गोळीवर ५३ टक्के. त्याच्या दोन वर्षं आधी शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय. सोराफेनिबमुळे या ल्युकेमियाच्या पेशी आयएल-१५ नावाचं रसायन सोडायला लागतात, आणि त्याने डोनरच्या टी-पेशींना जोर चढतो. म्हणजे ही गोळी तुझ्या पेशींच्या बाजूने लढते. आणि नेमकी म्हणूनच डॉक्टर आज ती देत नाहीत. चवताळलेल्या पेशींना आत्ताच जोर दिला तर आतडं आणखी सोलवटेल. जीव्हीएचडी शांत होऊ दे, मग. ‘उशीर करतायत’ असं मामा म्हणतील, तू म्हणू नकोस.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण डोक्यात असणारच. हीच गोळी एके काळी महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांना होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि नॅटको कंपनीची गोळी महिन्याला ८,८८० रुपयांत आली. त्यामुळे दुकानात ब्रँडचं नाव न घेता ‘सोराफेनिब’ म्हणून किंमत विचार, आणि कुठली घ्यायची ते डॉक्टरांना दाखवून ठरव. रुक्सोलिटिनिबच्या खर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात बसणाऱ्या ताईंना भेट. लोक तिथे लाजत लाजत शेवटी जातात, आधी जायचं असतं.

आता खोलीवरचं. टॅक्रोची (टॅक्रोलिमसची) लेव्हल तपासायला रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, आधी नाही. खारघरला हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवर राहणारी माणसंही हे विसरतात, आणि मग लेव्हल खोटीच जास्त येते. गणपती तोंडावर आहेत, बाजारात पपनस येईल. ते भावाला एक फोडही द्यायचं नाही. माझ्या वॉर्डातून घरी गेलेला एक मुलगा गौरीच्या जेवणानंतर तीन दिवसांनी परत आला, हात इतके थरथरत होते की चमच्यातली पेज ताटात सांडत होती. लेव्हल आकाशाला भिडलेली. नवीन औषध काही नाही, गोळ्या मोजून बरोबर. दोन दिवस आम्ही डोकं खाजवलं. शेवटी त्याची आजी सहज म्हणाली, “गोड होतं हो पपनस, रोज अर्धं खायचा.” टॅक्रो ज्या वाटेने शरीरातून बाहेर पडतं ती वाट पपनस अडवतं. रुक्सोलिटिनिबची वाटही तीच. बुरशीसाठी देतात त्या व्होरिकोनाझोल-पोसाकोनाझोलसारख्या गोळ्याही ती अडवतात, पण ते डॉक्टर हिशोबात धरतात. पपनस आणि काढा हिशोबात नसतो.

जुलाब नुसते मोजू नका, मापा. बाजारात दहा-वीस रुपयांना खुणांचा प्लास्टिकचा मग मिळतो. वहीत वेळ, किती मिली, रंग, रक्त दिसलं का, एवढं लिहायचं. ‘चार-पाच वेळा’ यावरून डॉक्टरांना फार कळत नाही. दिवसाला ४०० मिली की ९००, यावरून कळतं. घाण वाटते, मला माहीत आहे. आईला वाटत असेल तर तू गेलीस की तू कर.

ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. आधी क्रोसिन देऊन ‘सकाळी बघू’ नको. खोलीच्या भिंतीला ओल असेल, काळे ठिपके असतील, तर पलंग हलवू नका, खोली बदला. ती बुरशी त्याच्या फुप्फुसात जायला नको. आणि घरात कुणाला कधी टीबी झाला असेल तर तो इतिहास डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे का, ते विचार. जेएकेवरच्या गोळीने झोपलेला टीबी उठू शकतो. आपल्याकडे ‘आजोबांना होता, पण ते जुनं’ म्हणून लोक सांगत नाहीत.

मामांशी वाद घालू नकोस, हरशील. भाच्यासाठी जीव तुटतो म्हणून ते बोलतात. त्यांना सरळ एका ओपीडीला घेऊन जा. सकाळी सातला नंबर लावायला त्यांनाच उभं कर. काढ्याची बाटली पिशवीत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, म्हण, “मामा म्हणतात हे चालेल का?” ज्या मामांना भाची ‘नको’ म्हणू शकत नाही, त्यांना डॉक्टर म्हणू शकतात. आणि एवढं रांगेत उभं राहिल्यावर मामा बहुधा तुमच्याच बाजूने बोलायला लागतात. असं मी पुष्कळदा पाहिलंय.

घरात जे बोललं गेलं ते भावाच्या कानावर गेलंय का, हे तू लिहिलं नाहीस. गेलं असेल तर त्याच्याशी तूच बोल. कदाचित तोही तुझ्यासारखाच जागा असेल, आपल्यामुळे ताईला त्रास म्हणून. रिपोर्टमध्ये ‘कायमेरिझम’ म्हणून एक तपासणी असेल, त्यात डोनरच्या पेशी किती टक्के ते लिहितात. ती त्याला दाखव. त्याच्या रक्तातल्या पेशींत आता एक्स-एक्स सापडतंय, हे आमच्या वॉर्डातल्या पोरांना फार आवडायचं. एकाने बहिणीला फोन करून सांगितलं होतं, “आता मला पण माहेरपण पाहिजे.”

राखी बांध. मनगटाची कातडी सोलवटली नसेल, फोड नसतील तर साधा सुती धागा, नवा, सैल. झगमग, मणी, स्पंज नको. दोन्ही मनगटं लाल असतील तर त्याच्या उशाशी पलंगाच्या दांडीला बांध. औक्षण करताना निरांजन लांबून, धूप-उदबत्ती नको, पुरळावर कुंकू नको. तू आधी हात धू, मास्क लाव. मुलांना सर्दी असेल तर त्यांना घरी ठेव, व्हिडिओ कॉल पुरे. पेढे दुकानातले नकोत. आत्ता आतड्याला दूध-तूप झेपेल का ते आहारतज्ज्ञांना विचार. नाही म्हणाल्या तर तांदळाची मऊ पेज कर, त्याच्यासमोर, गरम. ती खाल्ली की वहीत लिही.